पिकअपच्या टॉपरमध्ये आणि ट्रेलरमध्ये वीज कशी न्यावी

पिकअपच्या हौद्यावर फायबरग्लासचा टॉपर, म्हणजे बंद छप्पर, बसवला, आत फळ्यांचा बिछाना केला आणि कॉम्प्रेसरवर चालणारा लहान फ्रिज ठेवला, की ती गाडी दोन-चार दिवसांचे घर होते आणि लगेच विजेचा प्रश्न उभा राहतो. बहुतेक जण मोठी बॅटरी विकत घेऊन तो सोडवू पाहतात. माझा अनुभव असा, की अडचण बहुधा बॅटरीत नसते. ती इंजिनाजवळच्या अल्टरनेटरपासून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रापासून, हौद्यापर्यंत जाणाऱ्या आणि तिथून परत येणाऱ्या तारेत असते. म्हणून पुढे सर्वाधिक जागा मी त्या तारेला दिली आहे. उदाहरण म्हणून अमेरिकेत सर्रास दिसणारी, चार दारांची, पूर्ण आकाराची, १२ व्होल्टची पिकअप समोर धरली आहे.

हा धडा मला अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या मोआबच्या वाटेवर मिळाला. डेन्व्हरहून निघून जवळजवळ सहा तास गाडी चालवल्यावर मागची बॅटरी भरलेली असेल अशी माझी खात्री होती, पण दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रिज बंद पडलेला होता. मल्टिमीटर लावून पाहिले, तेव्हा चालत्या इंजिनाजवळ १२.९ व्होल्ट होते आणि मागच्या बॅटरीवर जेमतेम १२.३. ज्या दुकानात काम करून घेतले होते तिथे १२ गेजची बारीक तार (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) ओढली होती आणि गाडीतला अल्टरनेटर स्वतःचे व्होल्टेज कमी-जास्त करणारा आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. पुढे ते सगळे काम मी स्वतः उकलून नव्याने केले.

आधी खर्चाचा हिशेब

कागदावर एका दिवसाचा वापर अँपिअर-तासांत मांडावा. चाळीस-पन्नास लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो, पण तो सतत चालत नाही. उन्हाळ्याच्या दिवसात चोवीस तासांचे मिळून ३५ अँपिअर-तास धरावेत. छतावरचा पंखा १ अँपिअरवर रात्रभर दहा तास चालला तर १०, एलईडी दिवे चार तासांचे ४, आणि फोन व लॅपटॉप मिळून १०. एकूण सुमारे ६० अँपिअर-तास झाले. घरात कोणी झोपताना श्वासासाठीचे यंत्र वापरत असेल, तर त्याचा खर्च वेगळा मोजावा आणि त्याला पहिला मान द्यावा, कारण फ्रिज बंद पडला तर दूध नासते, पण त्या यंत्राशिवाय रात्र काढणे धोक्याचे असू शकते.

शिसे-आम्लाची बॅटरी, मग ती साधी असो वा एजीएम (बंद, पाणी भरावे न लागणारी), नेहमी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हाती ५० लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी ८० निश्चिंतपणे देते आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते. मात्र तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली असताना ती चार्ज करू नये, कारण त्या थंडीत ऋण प्लेटवर धातुरूप लिथियम साचून बॅटरी कायमची बिघडते. कोलोरॅडोत किंवा मिनेसोटात हिवाळी प्रवास करणाऱ्यांनी थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी किंवा आत हीटर असलेलीच बॅटरी घ्यावी. आपल्या हिशेबात ६० अँपिअर-तासांच्या रोजच्या खर्चाला १०० ची लिथियम बॅटरी एका रात्रीसाठी पुरून उरते. गाडी न हलवता दोन पूर्ण दिवस राहायचे असेल तर १५० ची लागेल.

झोपण्याच्या जागेत पाणी भरायची शिसे-आम्ल बॅटरी उघडी ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ती बाहेर वायुवीजन असलेल्या बंद पेटीतच असावी.

वीज कुठून घ्यायची

पिकअपच्या मागच्या बंपरजवळ सात पिनांचा सॉकेट असतो. टेललाइट, डावा व उजवा सिग्नल, विद्युत ब्रेक, रिव्हर्स दिवा आणि अर्थ यांच्याबरोबर त्याच्यात १२ व्होल्टची एक चार्जिंग पिनही असते. चार पिनांच्या चपट्या जोडणीत ही पिन नसते, ती केवळ दिव्यांसाठी आहे. सात पिनांच्या वायरिंगमध्ये रंगांवर भरवसा ठेवू नये. मोटारींच्या पद्धतीत तपकिरी तार टेललाइटची असते, तर कॅम्पर ट्रेलरच्या जुन्या पद्धतीत तीच उजव्या सिग्नलची असते. रंग जुळवून जोडणी केली आणि सिग्नल दिल्याबरोबर भलताच दिवा लागला, असे घडते ते यामुळेच. प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासूनच ओळखावी. चार्जिंगच्या पिनेवर काहीच व्होल्टेज नसेल तर लगेच तार तुटली असे समजू नये. काही गाड्यांत त्या वाटेचा फ्यूज किंवा रिले (इशाऱ्यावर आपोआप जुळणारा-सुटणारा स्विच) कारखान्यातून बसवलेलाच नसतो, आणि काहींत किल्ली फिरवल्याशिवाय ती वाट चालू होत नाही.

ही तयार वाट सहसा ३० अँपिअरच्या फ्यूजवर असते आणि तिची तार १० किंवा १२ गेजची असते. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी छोटी बॅटरी भरलेली ठेवणे आणि ट्रेलरच्या बॅटरीला हळूहळू चार्ज देणे, एवढ्यापुरती ती चांगली आहे. लहान ट्रेलरमध्ये दिवे आणि पाण्याचा पंप एवढेच असेल, तर नवी तार ओढण्याचा खटाटोप करण्याची गरज नाही. फ्रिज रोज चालवायचा असेल तर मात्र इंजिनापासून स्वतंत्र वाट आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेललाइट किंवा हौद्यातल्या दिव्याच्या तारेतून सहायक वीज कधीही घेऊ नये. नव्या गाड्यांत हे दिवे संगणकाकडून तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या विजेवर चालतात आणि त्यांच्यावर जादा भार पडला, की दिवा गेल्याची खोटी सूचना येते किंवा तो भाग बंदच पडतो.

साधा रिले की डीसी-डीसी चार्जर

जुन्या गाड्यांत अल्टरनेटर सतत १४ व्होल्टच्या वर देत असे. दोन बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले बसवला की काम होत असे: १३.३ व्होल्टच्या आसपास तो जुळायचा, १२.८ च्या आसपास सुटायचा आणि रात्री पुढची बॅटरी शाबूत राहून सकाळी गाडी सेल्फ घ्यायची. आता इंधन वाचवण्यासाठी अनेक गाड्या पुढची बॅटरी भरली की अल्टरनेटरचे व्होल्टेज उतरवतात. अशा गाडीत रिले जुळत-सुटत राहतो आणि मागची बॅटरी अर्धीच राहते. लिथियमच्या बाबतीत उलटे संकटही आहे. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो, की थेट जोडल्यास ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि गाडी जागेवर उभी असताना, वारा लागत नसल्याने, अल्टरनेटर तापून जळू शकतो.

डीसी-डीसी चार्जर हे दोन्ही प्रश्न सोडवतो. त्याला आत १२ व्होल्ट मिळोत वा १५, तो मागच्या बॅटरीला तिच्या जातीनुसार १४.४ व्होल्टच्या आसपास नेमके चार्जिंग देतो आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह घेत नाही. इंजिन चालू असतानाच काम करावे यासाठी त्याला इग्निशनची बारीक सिग्नल तार द्यावी लागते. व्होल्टेज बदलणाऱ्या अल्टरनेटरच्या गाडीत ती टाळू नये.

मात्र हा चार्जर तारेतली उणीव झाकत नाही, उलट तिच्यावरचा ताण वाढवतो. बाहेर २० अँपिअर देणारा चार्जर १४.४ व्होल्टवर २८८ वॅट देतो. दहा टक्के तूट धरली तर आत ३२० वॅट लागतात. आत १२.२ व्होल्टच पोहोचत असतील, तर तो २६ अँपिअर ओढतो. तार जितकी बारीक, तितके व्होल्टेज कमी पोहोचते. व्होल्टेज जितके कमी, तितका प्रवाह जास्त. आणि प्रवाह वाढला की घट आणखी वाढते. ३० अँपिअरच्या फ्यूजवरून सतत २४ अँपिअरपेक्षा जास्त घेऊ नये, म्हणून सात पिनांच्या वाटेवर १५ अँपिअरचाच चार्जर लावावा. त्याला आत सुमारे २० अँपिअर पुरतात.

तारेची जाडी

इंजिनाजवळच्या बॅटरीपासून हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत तार वळणावळणाने नेली, की सहज ६ मीटर लागतात. प्रवाहाला परतही यायचे असल्याने हिशेब १२ मीटरचा करावा लागतो, आणि घरच्या घरी काम करणारे नेमके हेच विसरतात. १२ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ५.२ मिलिओहम असतो. १२ मीटरचे ६२ मिलिओहम झाले आणि ३० अँपिअरला जवळजवळ १.९ व्होल्ट वाटेतच संपले. १० गेजच्या तारेत हीच घट १.२ व्होल्ट, ६ गेजमध्ये अर्ध्या व्होल्टच्या किंचित आत आणि ४ गेजमध्ये ०.३ व्होल्ट होते.

मी ४० अँपिअरचा चार्जर वापरतो. तो बाहेर ५७६ वॅट देतो, आत ६४० वॅट घेतो, आणि १२.५ व्होल्टला ते ५१ अँपिअर होतात. ४ गेजच्या तारेत त्याला अर्धा व्होल्ट घट येते. ही मला मान्य होणारी कमाल मर्यादा आहे. तार बहुपदरी, शुद्ध तांब्याची आणि १०५ अंश सेल्सिअस सहन करणाऱ्या आवरणाची घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्तात आणि तोच गेज आकडा छापून मिळते. तिचा रोध बराच जास्त असतो आणि खारट दमट हवेत तिची टोके लवकर कुजतात, म्हणून तिच्यापासून दूर राहावे.

फ्यूज

फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. फ्रिज किंवा चार्जर यांचे रक्षण हा त्याचा हेतू नव्हे, हे लक्षात ठेवले की त्याची जागा आपोआप ठरते: ज्या टोकाकडून जबर प्रवाह येऊ शकतो त्या टोकाला, बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ. बोटींच्या अमेरिकन नियमावलीत त्यासाठी ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर, ही सर्वसाधारण मर्यादा आहे आणि गाडीतही तीच पाळावी. आपल्या वाटेच्या दोन्ही टोकांना बॅटऱ्या आहेत. म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवा. अपघातात मधली तार चिरडून चेसिसला टेकली, तर एकच फ्यूज असेल त्या स्थितीत दुसऱ्या बाजूची बॅटरी तारेला लाल होईपर्यंत तापवत राहील.

सततच्या ५१ अँपिअरला सव्वापट धरून ७० चा फ्यूज येतो आणि ४ गेजची चांगली तार तो सहज पेलते. तरीही चार्जरच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आकडा अंतिम मानावा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपिअर सोडते, आणि साधा फ्यूज वितळूनही त्याच्यातली ठिणगी चालू राहू शकते. तिच्या टोकाला टी वर्गाचा, २०,००० अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडणारा फ्यूज बसवावा.

प्रत्यक्ष तार ओढणे

काम सुरू करण्यापूर्वी हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे आणि पुढच्या बॅटरीची ऋण तार सोडवावी. तार आधी रिकामी ओढून, सगळी वळणे घेऊन, मगच कापावी. ती चेसिसच्या लांब पट्टीच्या आतल्या बाजूने न्यावी. सायलेन्सरच्या नळीपासून किमान एक वीत अंतर राखावे, ब्रेकच्या किंवा इंधनाच्या नळीला ती कधीही बांधू नये, आणि फिरत्या शाफ्टकडे लोंबणार नाही अशी दर ३०-४० सेंटिमीटरला पकडावी. पूर्ण लांबीवर नालीदार संरक्षक नळी चढवावी. हौद्याच्या पत्र्यातून तार आत घेताना भोकाची कड घासून गुळगुळीत करावी, तिच्यावर गंजरोधक रंग लावावा आणि रबरी ग्रोमेट बसवूनच तार पुढे सरकवावी. उघड्या कडेवर घासत राहिलेली तार एखादे वर्ष बिनबोभाट चालते आणि मग एका खड्ड्यात शॉर्ट होते.

टोकांना लग, म्हणजे आपल्याकडचे वायरमन ज्याला थिंबल म्हणतात ते, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून बसवावे. पक्कडीने चेपलेले लग किंवा नुसत्या डागावर टिकवलेला जोड गाडीच्या थरथरीत सैल होतो. क्रिम्प केल्यावर सर्व जोर लावून ओढून पाहावे आणि वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आक्रसणारी नळी चढवावी.

ऋण बाजूकडे लोक फार दुर्लक्ष करतात. मी हौद्यापासून पुढेपर्यंत धन तारेइतकीच जाड ऋण तार ओढली आहे, कारण हौदा रबरी गाद्यांवर चेसिसला जोडलेला असू शकतो आणि त्याच्या बोल्टांतून ५० अँपिअर परत येतील असा विश्वास ठेवता येत नाही. पुढच्या टोकाला ती बॅटरीच्या ऋण टोकावर थेट लावू नये. नव्या गाड्यांत त्या टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो; आपली तार त्याला वळसा घालून जोडली, तर बॅटरीत किती वीज जाते-येते याचा गाडीचा अंदाज चुकतो. ऋण तार गाडीनेच दिलेल्या चेसिसच्या अर्थ बिंदूवर, रंग खरवडून, दात असलेल्या वॉशरसह घट्ट बसवावी.

टॉपर कायम बसलेला असेल तर तार सलग ठेवावी. उतरवता येणारा कॅम्पर किंवा ट्रेलर असेल तर अँडरसन पद्धतीचा जोड वापरावा. त्याचे दोन्ही अर्धे सारखेच असल्यामुळे नर-मादीचा घोळ होत नाही. एसबी ५० या लहान जोडात ६ गेजपर्यंतची तार बसते, त्यामुळे ४ गेजसाठी एसबी १२० घ्यावा. जोड सुटा असताना धूळ आणि पाणी जाऊ नये म्हणून त्याला टोपण हवेच.

हौद्याच्या आत

चार्जर शक्यतो मागच्या बॅटरीजवळ, हवा खेळेल अशा जागी, धातूच्या पत्र्यावर बसवावा. बॅटरीपासून मुख्य फ्यूज, मग तोडण्याचा स्विच, मग सहा-आठ घरांची फ्यूज पेटी असा क्रम ठेवावा. फ्रिजला वेगळी १० गेजची तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज द्यावा आणि सिगारेट-लायटरचा सॉकेट त्याच्यासाठी वापरू नये. थरथरीत प्लग हलतो, संपर्क तापतो आणि फ्रिज कमी व्होल्टेजची सूचना देऊन बंद होतो. लिथियमचे व्होल्टेज बराच काळ सपाट राहत असल्याने त्यावरून शिल्लक कळत नाही. त्यासाठी ऋण तारेत शंट बसवून येणारा-जाणारा प्रवाह मोजावा. इन्व्हर्टर हवाच असेल तर १००० वॅटला ९० अँपिअरच्या वर लागतात, म्हणून तो बॅटरीला लागून असावा. १०० वॅटचे एक सौर पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला साधारण २५-३० अँपिअर-तास भर घालते.

टॉपरबाबत एक गोष्ट कायद्याची आहे. अमेरिकेत १९९४ च्या मॉडेल वर्षापासून हलक्या ट्रकांना उंचावर तिसरा ब्रेकदिवा आवश्यक आहे. टॉपर केबिनवरचा तो दिवा झाकतो, म्हणून टॉपरवर स्वतःचा दिवा असतो आणि त्याची जोडणी केबिनवरच्या दिव्याच्या तारेवरून करतात. तिथे मूळ तारेतून फक्त रिलेचा इशारा घ्यावा आणि दिव्याला वीज सहायक वाटेवरून न देता पुढच्या बॅटरीच्या फ्यूज असलेल्या तारेवरून द्यावी, म्हणजे मागची बॅटरी रिकामी झाली तरी ब्रेकदिवा लागेल.

भारतात २०१६ पासून इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ पासून टोयोटाची हायलक्स मिळते आणि त्यांच्या हौद्यावर कॅनॉपी, म्हणजे टॉपरच, बसवून सह्याद्रीत किंवा लडाखला जाणाऱ्यांना वरचे सगळे तितकेच लागू पडते. फरक कागदपत्रांचा आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून कॅनॉपी कायमची जोडण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

चाचणी

फ्यूज न लावता आधी धन व ऋण तारांमध्ये शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरने पाहावे. मग मागचा फ्यूज, शेवटी पुढचा, या क्रमाने जोडणी पूर्ण करावी. इंजिन चालू करून चार्जर पूर्ण भाराने चालला, की मल्टिमीटरचे एक टोक पुढच्या बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे चार्जरच्या धन प्रवेशावर ठेवावे. त्यासाठी एक लांब बारीक तार कामी येते. मीटरवर दिसणारा आकडा म्हणजे धन वाटेतली घट. ऋण बाजूचीही अशीच मोजावी. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास आली तर हिशेब जमला. एकाच बाजूला घट खूप जास्त असेल, तर तो जोड नेमका शोधण्यासाठी मीटरची टोके प्रत्येक लगच्या दोन्ही बाजूंना ठेवत जावे. दहा मिनिटांनी सगळे जोड हाताने चाचपावेत. कोमट चालेल, पण बोट ठेवता येणार नाही इतका तापलेला जोड पुन्हा करावा.

गाडी बंद करून, कुलूप लावून तासाभराने पुढच्या बॅटरीतून गळणारा प्रवाह मोजावा. तो ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल तर बहुधा इग्निशनची सिग्नल तार अशा फ्यूजवर जोडली गेली आहे, जो किल्ली काढल्यावरही जिवंत राहतो. पहिल्या मोठ्या प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, घट पुन्हा मोजावी, आणि दोन्ही आकडे तारखेसह, तारांच्या आकृतीबरोबर, फ्यूज पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवावेत.